पालीच्या वर्गाचे नियम आणि मावशींची सेकंड शिफ्ट



पाली भाषेच्या सर्टिफिकेट कोर्सला आम्ही प्रवेश घेतला, तेव्हा पहिल्याच दिवशी सरांनी प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. पाठपोट छापलेला. वर लिहिले होते, 'वर्गाचे नियम व विद्यार्थ्यांकडून अपेक्षा'. खाली चौदा नियम आणि शेवटी सहीसाठी रेघ. वाचा, सही करा, परत द्या. वर्गात एकतीस जण होतो. एकतीस जणांनी सह्या केल्या. कोणी एक प्रश्न विचारला नाही. आम्हीही नाही. वर्षाअखेरीस परीक्षेला बसलो तेव्हा अकरा जण उरले होते. बाकीचे वीस कुठे गेले, हा प्रश्न आम्हाला पुढे बरेच दिवस छळत राहिला. आता वाटते, निदान निम्मे उत्तर त्या पाठपोट कागदावरच होते.

विद्यापीठाचे नाव इथे लिहीत नाही. सरांचेही नाही. सर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर आमच्यातलेच काही जण लगेच आडनाव विचारतील. आडनाव कळून प्रश्न सुटणार असता तर फार सोपे झाले असते.

नियम काय होते? हजेरी ७५ टक्के, त्यापेक्षा कमी असेल तर परीक्षेला बसता येणार नाही. तास सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी दार बंद. मोबाइल बंद. घरचा अभ्यास दिलेल्या दिवशीच द्यायचा, उशीर झाला तर शून्य. तोंडी परीक्षेला २० गुण, त्यात उच्चारांची शुद्धता पाहिली जाईल. वर्गातील सहभागाला १० गुण. चाचणी बुडाली तर फेरचाचणी नाही, मात्र आजारपणाचे वैद्यकीय सर्टिफिकेट असेल तर विचार होईल. संस्कृतचे प्राथमिक ज्ञान असल्यास उपयुक्त. वर्गात वंदना, घोषणा, धार्मिक विधी करू नयेत, भाषेचा अभ्यास भाषा म्हणून करावा. असे बरेच काही.

वाचायला यात काही गैर दिसत नाही. कुठल्याही विद्यापीठातल्या कुठल्याही भाषेच्या वर्गात असलेच नियम असतात. जर्मनच्या वर्गात असतात, फ्रेंचच्या वर्गात असतात. पण फ्रेंच शिकायला कोण येते आणि पाली शिकायला कोण येते, हे एकदा वर्गात मान वर करून बघायला नको का? आमच्या वर्गात बँकेतून निवृत्त झालेले दोन काका होते. लग्न आणि नामकरण विधी लावणारे तीन बौद्धाचार्य होते. नेट-सेटची तयारी करणारी चार-पाच मुले होती. एक रिक्षाचालक होते, एक आयटी कंपनीतली मुलगी होती, अंगणवाडीच्या दोन सेविका होत्या. आणि एका सरकारी हॉस्पिटलात आया म्हणून काम करणाऱ्या मावशी होत्या. हॉस्पिटलात त्यांना सगळेच मावशी म्हणतात, म्हणून आम्हीही मावशीच म्हणायचो. वय पन्नाशीच्या पुढे. बारावीनंतर लग्न झाले, नवरा गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर नोकरी लागली.

पाली शिकून नोकरी लागत नाही, हे या सगळ्यांना माहीत होते. २०१३ साली केंद्रीय लोकसेवा आयोगाने ऐच्छिक विषयांच्या यादीतून पाली काढून टाकली, तेव्हा तर स्पर्धा परीक्षावाल्यांसाठीही तिचे कारण उरले नाही. पुढे ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीसोबत पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला आणि आमच्या विहारात पेढे वाटले गेले. पेढे वाटणाऱ्यांत आम्हीही होतो. पण आमच्या वर्गातली माणसे त्याच्या आदल्या वर्षीच येऊन बसली होती. दर्जा नव्हता, नोकरी नव्हती, तरी आली होती. जे आपण रोज सकाळी म्हणतो, त्याचा अर्थ आपल्याला कळावा, एवढ्यासाठी आली होती.

आता मावशींचे गणित ऐका. वर्ग आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. हॉस्पिटलात त्यांची ड्युटी तीन पाळ्यांत फिरते. एक आठवडा सकाळची, एक आठवडा दुपारी दोन ते रात्री नऊ, एक आठवडा रात्रीची. सकाळच्या पाळीत त्या दोनला सुटून येऊ शकत. रात्रपाळीच्या आठवड्यात झोप मोडून येत आणि इथून थेट ड्युटीला जात. पण सेकंड शिफ्टच्या आठवड्यात येणे शक्यच नव्हते. म्हणजे तीन आठवड्यांतले दोनच. एकदाही आजारी न पडता, एकही लग्न-मयत न करता, एकही दांडी न मारता मावशींची हजेरी भरते ६६ टक्के. प्रवेशाचा अर्ज भरला, त्याच दिवशी त्या नापास झाल्या होत्या. फक्त ते त्यांना कोणी सांगितले नव्हते.

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले. पिएर बोर्द्यूचे 'सांस्कृतिक भांडवल' पाठ करून पेपरात लिहिले, चांगले गुण मिळवले. पण नियम सर्वांना सारखा असतो आणि तरीही तो माणूस बघून लागतो, हे आम्हाला त्या पेपरात नीट कळले नव्हते. ते कळले त्या बंद दारापाशी.

एका संध्याकाळी मावशींना निघायला उशीर झाला. वॉर्डात कोणाचे तरी ऑपरेशन लांबले, बदली आया आली नाही. त्या आल्या तेव्हा पावणेसहा वाजून गेले होते. दार बंद. त्यांनी हळूच वाजवले. सरांनी आतून घड्याळ दाखवले. मावशी काही बोलल्या नाहीत, बाहेर पायऱ्यांवर बसल्या. खिडकी उघडी होती. आम्ही दाराच्या जवळच्या बाकावर होतो, हात लांब केला असता तर कडी निघाली असती. आम्ही हात लांब केला नाही. वर्गातील सहभागाचे १० गुण सरांच्या हातात होते आणि आम्हाला पुढे पालीत एम.ए. करायचे होते. वस्तीत दुसऱ्यांच्या हक्कांसाठी मोर्चे काढणारे आम्ही, दहा गुणांसाठी बाकावरून उठलो नाही. हे इथे लिहिताना लाज वाटते.

त्या दिवशी सरांनी शिकवले मात्र उत्तम. फळ्यावर 'गच्छामि' लिहिले आणि विचारले, हे एकवचन की अनेकवचन? आम्ही बहुतेक जण म्हणालो, अनेकवचन. कारण आपण हे हजारोंच्या गर्दीत एका सुरात म्हणतो, तेव्हा 'आम्ही' असेच डोक्यात असते. सर म्हणाले, अनेकवचन 'गच्छाम'. 'गच्छामि' म्हणजे मी जातो. लाखभर माणसे एकत्र म्हणतात, तरी प्रत्येक जण 'मी' म्हणतो. तास संपल्यावर बाहेर आलो तर मावशी वही बंद करत होत्या. खिडकीतून सगळे ऐकले होते. म्हणाल्या, "म्हणजे दादा, दरेकानं आपल्या पायानं जायचं." याहून चांगले भाषांतर आम्ही अजून ऐकलेले नाही. हजेरीपटावर त्या दिवशी त्यांची गैरहजेरी लागली.

पुढे हजेरी कमी पडणार हे दिसू लागले, तेव्हा वर्गातल्याच एकाने उपाय सुचवला. आजारपणाचे सर्टिफिकेट. हॉस्पिटलात काम करणाऱ्या बाईला ते मिळणे अवघड नाही, कोणीही ओळखीचे डॉक्टर लिहून देतील. नियमातच सोय आहे. मावशी हसल्या. "दादा, आत्ताच पंचमी शिकवली ना सरांनी. मुसावादा. खोट्यापासून लांब राहायचं. त्याचंच सर्टिफिकेट घ्यायला खोटं बोलू?" त्या कागदाला आजारपण समजते, पोटासाठी केलेले काम समजत नाही. जो खोटा दाखला आणेल तो परीक्षेला बसेल आणि जिने चौथे शील पाळले ती बाहेर. पालीच्या वर्गात हे घडले, म्हणून जास्त लागले.

इथे बाबासाहेबांची आठवण काढावीच लागेल. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, तेव्हा ते सकाळचे ठेवले गेले. कशासाठी? ज्या पोरांना दिवसभर नोकरी करून घर चालवायचे आहे, त्यांना कामावर जायच्या आधी शिकता यावे म्हणून. शिस्तीच्या बाबतीत बाबासाहेब किती कडक होते हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी हजेरी ढिली केली नाही, त्यांनी घड्याळ हलवले. विद्यार्थी कोण आहे ते आधी पाहिले, वेळ मग ठरवली. आपल्याकडे वेळ आधी ठरते आणि मग त्या वेळेत बसणारा विद्यार्थी शोधला जातो.

आता उच्चारांविषयी. यावर आम्हाला जास्त लिहायचे आहे, कारण ही जखम जुनी आहे. 'आनी-पानी' म्हणणाऱ्या पोराला शाळेत उभे करून वर्गाला हसवणारे मास्तर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. आम्ही स्वतः पाचवीपर्यंत 'साळा', 'सिक्षन' असेच म्हणायचो. पुढे घासून-पुसून जीभ बदलली. घरी गेलो की आई म्हणायची, आता तू मास्तरासारखा बोलतोस. तिला अभिमान होता, पण थोडे वाईटही वाटत असावे.

पालीच्या वर्गात आलो आणि पाहतो तर काय, पालीत 'श' नाही आणि 'ष'ही नाही. एकच 'स'. संस्कृतात 'शिक्षा', पालीत 'सिक्खा'. 'धर्म' नाही, 'धम्म'. 'ऋ' नाही, 'ऐ' नाही, 'औ' नाही, विसर्ग नाही, द्विवचन नाही. उलट 'ळ' आहे, जो आपल्या तोंडात जन्मापासून असतो. अंगणवाडीच्या एक ताई 'सिक्खापदं' इतके सहज म्हणत की ऐकत राहावे. अडचण होत होती ती ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले होते त्यांची. ते सवयीने 'शिक्खा' म्हणून जात. सर त्यांना हसून म्हणत, "संस्कृतचा संस्कार आहे, हळूहळू जाईल." आणि आमच्यातल्या कोणी 'ण'चा 'न' केला की सर म्हणत, "अशुद्ध." चूक दोघांची, पालीच्या हिशेबाने दोन्ही चुकाच. एकाची चूक संस्कार झाली आणि दुसऱ्याची अशुद्धी. सरांच्या हे लक्षातही येत नव्हते, असे आम्ही खात्रीने सांगतो. लक्षात आणून द्यायला पाहिजे होते. वर सांगितलेच, आम्ही गप्प होतो.

शिकवण्याची पद्धतही तीच. संस्कृतमध्ये 'हस्त', म्हणून पालीत 'हत्थ'. संस्कृतमध्ये 'दुग्ध', म्हणून पालीत 'दुद्ध'. ज्यांना 'हस्त' आणि 'दुग्ध' माहीत नाही, त्यांनी आधी ते पाठ करायचे, मग पालीकडे यायचे. अहो, पण आमच्याकडे 'हात' आहे ना! आमच्याकडे 'दूध' आहे. 'सत्त'ला 'सात' आहे, 'अट्ठ'ला 'आठ', 'कम्म'ला 'काम'. मराठीच्या उंबऱ्यावरून पालीच्या अंगणात जायला पाच पावले लागतात, तिथे संस्कृतच्या वाड्यातून वळसा कशाला? संस्कृतशी आमचे वैर नाही. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये अस्पृश्यांना संस्कृत शिकवायला शिक्षकांनी नकार दिला, म्हणून बाबासाहेबांना पर्शियन घ्यावी लागली, आणि तरीही पुढे त्यांनी संस्कृत ग्रंथांचा अभ्यास सोडला नाही. पालीचे व्याकरण आणि शब्दकोशाचे कामही त्यांनी केले, ते त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात छापलेले आहे. ज्याला संस्कृत शिकायचे त्याने जरूर शिकावे. पण ज्या समाजाला तीन पिढ्यांपूर्वी एक भाषा नाकारली, त्याच समाजाला आज 'ती येत असल्यास उपयुक्त' असे छापील सांगणे, यातला विनोद कळायला काय फार मोठी विद्वत्ता लागते?

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले, गोड गळ्याचे दोन भाऊ भिक्खू होतात. ते तथागतांकडे तक्रार घेऊन जातात की नाना कुळांतून, नाना जातींतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात, तेव्हा आपण ते छंदोबद्ध वैदिक भाषेत घालू. तथागतांनी त्यांना फटकारले आणि बुद्धवचन आपापल्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. बुद्धघोषाची अट्ठकथा इथे 'आपली भाषा' याचा अर्थ मागधी असा लावते, आणि त्यावर अभ्यासकांत वाद आहे, हे आम्हाला माहीत आहे. पण तक्रार कोणी केली आणि कोणाविषयी केली, याबद्दल वाद नाही. पंचवीसशे वर्षे झाली, तक्रार तीच आहे.

आणि डिसेंबर. अंतर्गत चाचणीची तारीख लागली ५ डिसेंबर. आमच्या शहरातून दादरला जाणाऱ्या गाड्या ४ तारखेपासून भरून जातात. वर्गातले निम्मे जण चैत्यभूमीवर जाणारे, त्यातले काही पाणी-भोजनाच्या स्टॉलवर सेवा देणारे. यावर मात्र बँकेतले एक काका उठले आणि बोलले. सर गोंधळले. खरोखर गोंधळले. म्हणाले, "६ ला सुट्टी आहेच की, म्हणून तर ५ ला ठेवली." पालीचे प्राध्यापक, बुद्धावर पुस्तक लिहिलेले, आणि ५ तारखेला आपले विद्यार्थी कुठे असतात हे त्यांना माहीत नव्हते. तारीख बदलली नाही, वेळापत्रक छापून झाले होते. नऊ जणांनी चाचणी बुडवली, त्यात आम्ही होतो. त्या नऊपैकी पाच जण पुन्हा वर्गात आलेच नाहीत.

'वंदना नको' या नियमाविषयी आमचे मत वेगळे आहे, ते सांगून पुढे जातो. वर्ग म्हणजे विहार नव्हे, हे आम्हाला मान्य आहे. शब्दाची विभक्ती ओळखताना हात जोडलेले असून चालत नाही. फक्त हाच नियम शेजारच्या विभागाच्या दीपप्रज्वलनाला आणि सरस्वतीपूजनालाही लावा, मग आमची तक्रार नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की आमचे म्हणणे 'नियमच नकोत' असे आहे. तसे आम्हालाही वाटायचे. म्हणून कोर्स संपल्यावर आम्ही आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी पालीचा मोफत वर्ग सुरू केला. नियम काही नाही. या, बसा, शिका. बाबासाहेबांच्या लेकरांना नियम कशाला? पहिल्या रविवारी चाळीस माणसे आली. फोटो काढले, ग्रुपवर टाकले. पाचव्या रविवारी सहा माणसे होती.

काय झाले? चारची वेळ, लोक पावणेपाचला येत. वेळेवर आलेले बसून कंटाळत आणि पुढच्या वेळी तेही उशिरा येत. घरचा अभ्यास कोणी करीना, त्यामुळे दर वेळी पहिलाच धडा. एक ज्येष्ठ कार्यकर्ते येत, 'दोन मिनिटे बोलतो' म्हणत आणि आरक्षणापासून अमेरिकेपर्यंत पाऊण तास बोलत. त्यांना थांबवायचे कोणी? कोणत्या नियमाने? आणि चहा. चहा कोणी करायचा हे कुठेही लिहिले नव्हते, म्हणून दर रविवारी विभक्ती सुरू झाली की बायका उठून मागे चहाला जात. पुरुष पंचमीपर्यंत पोचले, बायका द्वितीयेतच राहिल्या. विद्यापीठातले नियम छापील होते, आमचे न छापलेले होते, एवढाच फरक. नियम नसले की जो मोठ्याने बोलतो त्याचे राज्य येते, आणि आपल्या वस्तीतसुद्धा मोठ्याने बोलणारे कोण असतात ते आपल्याला ठाऊक आहे.

मग सहाव्या रविवारी त्या सहा जणांनी बसून नियम लिहिले. दोन तास भांडणे झाली. आम्ही आधी सिगालोवाद सुत्त काढून वाचले. त्यात तथागत सिगालाला सांगतात की शिष्याने आचार्याप्रती पाच कर्तव्ये करावीत आणि लगेच पुढे आचार्याची शिष्याप्रती पाच कर्तव्ये सांगतात. नीट वळण लावावे, नीट समजेल असे शिकवावे, सर्व विद्या द्यावी, आपल्या मित्रमंडळीत त्याची ओळख करून द्यावी, सर्व दिशांनी त्याचे रक्षण करावे. पाचाला पाच. विद्यापीठाच्या कागदावर चौदाच्या चौदा नियम विद्यार्थ्यांसाठी होते, शिक्षकासाठी एकही नव्हता. म्हणून आमच्या कागदाला मधोमध रेघ मारली. डावीकडे शिकणाऱ्याचे, उजवीकडे शिकवणाऱ्याचे.

तास बरोबर चारला सुरू होईल, एकच माणूस असला तरी. दार उघडे राहील, उशिरा येणाऱ्याने मागे बसावे, कारण सांगू नये आणि कोणी विचारू नये. ज्याचा तास बुडाला त्याला आठवड्यात दुसऱ्या कोणीतरी फोनवर धडा सांगायचा, म्हणजे सांगणाऱ्याचीही उजळणी होते. चहा पुरुष करतील, आळीपाळीने. भाषण नाही. उच्चाराला कोणी हसायचे नाही, पण जिथे अर्थ बदलतो तिथे सोडायचेही नाही. 'सत' म्हणजे शंभर, 'सत्त' म्हणजे सात. तिथे आघात नीट आलाच पाहिजे. शिकवणाऱ्याने न येणारे उत्तर ठोकून देऊ नये, पुढच्या रविवारी शोधून आणावे. आणि कोणाचे काय चुकले ते त्यालाच दाखवावे, मूठ झाकून ठेवू नये. महापरिनिब्बान सुत्तात तथागत आनंदाला म्हणतात की आपल्याकडे आचार्यमुष्टी नाही, म्हणजे हातचे राखून काही ठेवलेले नाही. आमच्या वर्षीच्या तोंडी परीक्षेत २० पैकी गुण कशाचे मिळाले आणि कशाचे कापले, हे आम्हाला आजतागायत कळलेले नाही. ती मूठ झाकलेलीच आहे.

मिलिंदपञ्हही त्या दिवशी निघाले. राजा मिलिंद नागसेनांना वाद करू या म्हणतो, तेव्हा नागसेन विचारतात, पंडितांसारखा वाद करणार की राजांसारखा? पंडित एकमेकांचे म्हणणे खोडतात, गुंडाळतात, उलगडतात आणि रागावत नाहीत. राजे आपले म्हणणे मांडतात आणि जो विरोध करेल त्याला शिक्षा फर्मावतात. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या कॉलेजला मिलिंद हे नाव दिले, ते उगीच नव्हे. ज्या वर्गात विद्यार्थी दहा गुणांच्या भीतीने कडी काढत नाही, तो वर्ग राजाचा आहे. हे आम्ही सरांविषयी म्हणत आहोत आणि आमच्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांविषयीही. भाषणबंदीचा नियम झाल्यावर त्यांनी विहारात येणे सोडले. त्याला आमचा इलाज नाही.

वर्ग चालला. आज चौदा जण नियमित आहेत. चहाचा नियम तीनदा मोडला, पुन्हा लावला. फोनवर धडा सांगण्याचा नियम तर जवळजवळ बारगळला आहे, माणसे फोनवर दुसरेच बोलत बसतात. असो.

मावशी चार रविवार आल्या. पुढे बसत, सगळे आधी पाठ करून येत. पाचव्या रविवारी तास संपल्यावर थांबल्या. म्हणाल्या, "दादा, ह्याचं सर्टिफिकेट मिळतं का?" आम्ही म्हणालो, विहाराच्या लेटरहेडवर देऊ की. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. "तसं नाही. विद्यापीठाचं. पोराचे कागद भिंतीला लावलेत मी. माझ्या नावाचा विद्यापीठाचा कागद घरात एक पण नाही."

आम्हाला वाटले होते, आम्ही पर्याय उभा केला. पर्याय कसला? मावशींना पाली विहारातही मिळत होती. त्यांना हवा होता तो कागद, ज्यावर विद्यापीठाचा शिक्का आहे आणि ज्याच्या आड ७५ टक्क्यांचा नियम उभा आहे. तो कागद ज्यांना सहज मिळतो, ते म्हणतात की ज्ञान महत्त्वाचे, सर्टिफिकेटात काय आहे. मावशींना असे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. आमच्या भिंतीवर दोन कागद आहेत.

म्हणून आम्ही विभागात अर्ज घेऊन गेलो. मागण्या चार. पाळीत काम करणाऱ्यांसाठी नोकरीच्या ठिकाणचा ड्युटीचा दाखला हजेरीत धरावा, किंवा आठवड्यातला एक तास रविवारी सकाळी घ्यावा. तोंडी परीक्षेचे गुण कशाला किती, ते आधी छापून द्यावे. ३ ते ७ डिसेंबरला चाचणी ठेवू नये. आणि नियमांच्या कागदावर शिक्षकाची बाजूही असावी. सरांनी अर्ज दोनदा वाचला. डिसेंबरचे लगेच मान्य केले, डायरीत तिथल्या तिथे लिहून घेतले. दाराचे म्हणाले, बघू. गुणांचे म्हणाले, करता येईल. शिक्षकाच्या बाजूवर हसले, पण रागावले नाहीत. हजेरीवर म्हणाले, तो विद्यापीठाचा नियम आहे, माझ्या हातात नाही. ते खरे आहे. मग आम्ही मावशींच्या त्या बंद दाराचे सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटलं, त्या निघून गेल्या."

यंदा मावशींनी पुन्हा अर्ज भरला आहे. हजेरीचा उपाय त्यांनीच काढला. इन्चार्ज सिस्टरशी बोलून दुसऱ्या एका मावशींबरोबर पाळी बदलून घेणार आहेत. त्या बदल्यात दर महिन्याला जास्तीच्या चार रात्रपाळ्या करणार. नियम जागच्या जागी राहिला आणि भरपाई पन्नाशी ओलांडलेली बाई झोप देऊन करणार. आम्ही म्हणालो, एवढे करू नका, आम्ही वर अर्ज देतो आहोत. त्या म्हणाल्या, "तुमचा अर्ज होईल तेव्हा होईल, माझं रिटायरमेंट थांबणार नाही."

तो अर्ज आता कुलसचिवांच्या कार्यालयात द्यायचा आहे. आमच्या वर्गातल्या त्या वीस जणांचे नंबर शोधून त्यांच्या सह्या घेत आहोत. सतरा झाल्या. रिक्षावाले भाऊ आणि अंगणवाडीच्या एक ताई सापडत नाहीत, त्यांचे नंबर बदलले आहेत. विसाव्या आहेत मावशी. त्यांनी सही केली नाही. त्यांचा प्रवेश अजून व्हायचा आहे.